माझा गेलेला डोळा

मी सुरतेतल्या एका घरातला कॉम्प्युटर बोलतोय. तोंड मला कधीच नव्हतं. एक कान होता, आणि पडद्याच्या डोक्यावर चिमट्याने बसवलेला एक डोळा. आता डोळा नाही, तो पडदाही नाही. उरलाय हा पेटीसारखा देह आणि त्याच्या उजव्या कुशीत बत्त्याने पडलेला पोचा. बोट घालून बघा, अर्धं पेर आत जातं.

माझा जन्म सुरतेच्याच वराछा भागातल्या एका दुकानात झाला. कुणाची जुनी हाडं, कुणाचं नवं काळीज असं जोडून दुकानदाराने मला उभं केलं. भाविषाने मला घरी आणलं तेव्हा तिच्या हातावरची लग्नाची मेंदी पुरती उतरली नव्हती. साडीवर मशीन जी नक्षी भरतं ती आधी कॉम्प्युटरवर टाका टाका करून मांडावी लागते. आमच्याकडे त्या कामाला पंचिंग म्हणतात. भाविषा ते माहेरी शिकून आली होती. माझ्या पाठीत अंगठ्याएवढं एक कुलूप खोचलेलं असायचं. ते असेल तरच पंचिंग उघडायचं.

दुकानदाराने तिला बजावलं होतं, "बेन, हे कुलूप म्हातारं आहे. नवीन काही घातलंत तर रुसेल. अपडेटची एक यादी येते, तिच्यावर ऐच्छिक असं लिहिलेलं असतं. नाही घेतलं तरी चालतं. तुम्ही घेऊच नका."

"आणि जे ऐच्छिक नसतं ते?"

"ते कुठे विचारतं, बेन. ते घुसतंच."

सुरुवातीचे दिवस मी माझ्या डोळ्याने पाहिलेत. भाविषाच्या पुढच्या दोन दातांत फट होती. काम मनासारखं जमलं की तिच्या जिभेचं टोक त्या फटीत यायचं. तिचा नवरा निकुंज हिरे घासायला जायचा. रविवारी न्याहारीला गांठिये आणायचा आणि तिच्या मागे उभा राहून नक्षी बघायचा. दुपारी सावरकुंडल्याहून तिच्या आईचा फोन यायचा. आईला ती बा म्हणायची. मोंघीबा पडद्यावर दिसायच्या त्या अर्ध्याच, कपाळ जास्त, हनुवटी गायब. आणि दर वेळेस पहिलं वाक्य हेच, "दिव्याकडे तोंड कर ग, दिसत नाहीस." सोबत हाताने खूणही करायच्या, पोळी उलटल्यासारखी.

मग कारखान्यात निकुंजचे दिवस कमी झाले. तो घरी बसून माझ्यावर गोळीबाराचा खेळ खेळायला लागला. माझ्या पोटातून दिवसभर बंदुका सुटायच्या. खेळासाठी त्याने आपल्या फोनचं नेट सतत चालू ठेवलं, आणि एका संध्याकाळी मोठा अपडेट न विचारता घुसला. तो आवरून गेला तेव्हा माझा डोळा गेलेला होता.

त्याच सुमारास पहिली थप्पड मी ऐकली. ऐकलीच फक्त. मला वाटलं भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. पुढे मला आवाज कळायला लागले. थप्पड कोरडी वाजते. बुक्की वाजत नाही, बुक्की बसली की माणूस वाजतो. पट्टा आधी हवेत वाजतो आणि मग अंगावर. कधी भाविषाचं डोकं माझ्या टेबलावर आपटायचं, तेव्हा माझ्या आतला पंखा क्षणभर अडखळायचा.

तिची सासू समजुबा समोर झोपाळ्यावर असायच्या. मार चालू असला तरी झोपाळ्याच्या कडीची कुरकुर थांबायची नाही. फार झालं तर म्हणायच्या, "निकुंज, टीव्ही मोठा कर. शेजारी जेवायला बसलेत."

एकदा त्याने भाविषाचा मोबाइल भिंतीवर फेकून फोडला. तेव्हापासून आईशी बोलायला तिला मी एकटा उरलो. आईला पडद्यावर काळोख दिसायचा आणि काळोखातून आवाज यायचा.

"कशी आहेस, बेटा?"

"मजेत, बा."

"किती दिवस झाले, तोंड दिसत नाही तुझं. नीट करून घे की तो कॅमेरा."

झोपाळ्यावरून समजुबा बोलायच्या, "विहीणबाई, ती नुसती बसून असते राणीसारखी. तुम्हीच सांगा तिला."

समजुबा कायम तिथेच असायच्या. भाविषा दुसरं काही बोलणार कशी? ती मजेतच राहिली. मी तिचं मजेत तारेतून सावरकुंडल्याला पोचवत राहिलो.

त्यांची मुलगी ध्यानी तीन वर्षांची होती. एका दुपारी खेळ रंगात असताना तिने माझी वायर ओढली. बंदुका बंद पडल्या. निकुंजने तिला दंडाला धरून उचललं आणि पलंगाकडे फेकलं. मला आधी कट् असा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग पोरीचं रडणं. हाडवैद्याला समजुबांनी सांगितलं की खेळताना पडली.

भाविषा त्या दिवशी रडली नाही. पंचिंगला बसली, पण तिची बोटं कळांवर नुसती टेकून होती. टाका एकही पडला नाही. तोवर मार तिचा होता. आता तो मांडीवरच्या लेकरापर्यंत आला होता.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर निकुंज म्हणाला, "खेळ अडकतोय. त्या ऐच्छिक यादीत शेवटचं नाव आहे, त्याला खूण कर. मी उठेपर्यंत झालेलं पाहिजे."

"ते फार मोठं आहे, सगळं नेट खाईल. आज बाचा फोन यायचाय. उद्या केलं तर?"

उत्तर मी ऐकलं, कोरडं. मग टेबलाच्या कोपऱ्यावर काहीतरी आदळलं.

"उद्या कोण, तुझा बाप येणार आहे करायला?"

तो झोपायला गेला. माझ्या कळांच्या फटींत कोमट काहीतरी उतरत होतं. तिने ते ओढणीने टिपलं आणि यादी उघडली.

चार नावं होती, सगळी इंग्रजीत. पहिलं आवाजाचं, दुसरं घरात नसलेल्या प्रिंटरचं, तिसरं माझ्या डोळ्याचं, चौथं बंदुकांचं. प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन. मला सगळं माहीत होतं, पण सांगू कसा? भाविषाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, अक्षरं तेवढी ओळखीची होती. ती एकेक अक्षर ओठांत म्हणत खाली आली. तिसऱ्या ओळीवर थांबली. ते नाव तिने मोबाइलच्या खोक्यावर पाहिलेलं होतं. तिचा श्वास माझ्या कानाजवळ थांबला.

तुम्हाला ही यादी म्हणजे कटकट वाटत असेल. वाचायची नाही, नंतर बघू म्हणून मिटवायची. पण त्या घरात हवं का नको असं तिला विचारणारी ती एकच जागा होती. बाकी सगळं तिच्यावर घुसतच होतं.

बाण आधी चौथ्या चौकोनावर गेला. तिथे खूण केली नाही तर संध्याकाळी काय होणार हे तिला ठाऊक होतं. तिसऱ्यावर केली आणि कुलूप रुसलं तर हातचं काम जाणार, हेही ठाऊक होतं. बाण वर सरकला. तिने तिसऱ्या चौकोनात खूण केली. एकच.

मी बंद होऊन पुन्हा सुरू झालो. काळोख फाटला आणि मला दिसायला लागलं.

मी मेंदीच्या हातांची नवरी शोधत होतो. समोर दुसरीच बाई बसलेली. गालाची हाडं वर आलेली, गळ्यावर बोटांचे पिवळे पडलेले ठसे, डावी भुवई फाटून पापणीवर रक्त सुकलेलं. मला वाटलं, घरात कुणी दुसरी आणली. मग तिने घाईने पंचिंग उघडून बघितलं. उघडलं. अर्धी झालेली वेल जागच्या जागी होती. तिच्या जिभेचं टोक दातांच्या फटीत आलं, तेव्हा मी तिला ओळखलं.

डोळा उघडला की माझ्या कडेला एक हिरवा दिवा लागतो. स्वयंपाकघरातून समजुबांच्या पावलांचा आवाज आला. भाविषाने कपाळावरची टिकली काढली आणि त्या दिव्यावर चिकटवली.

समजुबा सुपात तुरीच्या शेंगा घेऊन झोपाळ्यावर बसल्या. पडद्याची त्यांच्याकडे पाठ होती. फोन वाजला. मोंघीबांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. आज त्यांना काळोख दिसला नव्हता.

भाविषाने फक्त नजर झोपाळ्याकडे नेली आणि परत आणली.

"कशी आहेस, बेटा?" आवाज नेहमीचाच होता.

"मजेत, बा. तू?"

"मीही मजेत." असं म्हणत मोंघीबांनी हात उचलला आणि हळूच ती जुनी खूण केली, पोळी उलटल्यासारखी. भाविषाने दिव्याकडे तोंड केलं. मग मान वर करून गळा दाखवला. मग ध्यानीला मांडीवर घेतलं, झोळीत बांधलेल्या हातासकट.

"काय केलंस जेवायला?" मोंघीबांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि आवाजाला त्याचा पत्ताही नव्हता.

"रोटला आणि वांग्याचं भरीत."

"छान. ऐक, मी तुझ्या भावाबरोबर कैऱ्या पाठवते."

झोपाळा थबकला. "या थंडीत कैऱ्या, विहीणबाई?"

"आमच्या झाडाला लवकर धरल्यात. उद्या सकाळी पोचतील."

"आंबट असतील," समजुबा म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या.

फोन ठेवल्यावर भाविषाने माझा डोळा पुन्हा उघडला आणि पडद्यावर आपलं तोंड बघितलं. आईने काय पाहिलं ते तिला बघायचं होतं. बघता बघता ध्यानी कुशीत रडायला लागली. तिला घेऊन ती उठली, आणि पडदा तसाच उघडा राहिला.

निकुंज उठून माझ्यासमोर बसला तेव्हा बंदुकांच्या जागी त्याला त्याचंच तोंड दिसलं. झोपेने सुजलेलं. त्याला आधी कळेचना. मग त्याने टिकली पाहिली. नखाने उचकटली. खाली हिरवा दिवा जळत होता.

"तुझ्या आईने बघितलं?"

"बघितलं," भाविषा म्हणाली. इतक्या वर्षांत त्याला न घाबरता दिलेलं उत्तर मी तेवढंच ऐकलं.

पहिली बुक्की तिच्या तोंडावर बसली. फटीशेजारचा एक दात माझ्या टेबलावर येऊन पडला. कळांची पाटी उचलून त्याने तिच्या पाठीत घातली, ती मधोमध मोडली आणि कळा फरशीवर सांडल्या. भाविषा पोरीला पोटाखाली घेऊन जमिनीवर गोळा होऊन पडली होती. त्याने लाथा घातल्या. कमरेत, खांद्यात, पोरीवर धरलेल्या हातांवर. तिने हात काढले नाहीत. झोपाळा पहिल्यांदा पूर्ण थांबला. समजुबा उभ्या राहिल्या, दाराशी गेल्या, आणि त्यांनी कडी लावून घेतली.

मग तो बत्ता घेऊन आला. पडद्यावर त्याचं तोंड अजून होतं. दात आवळलेलं, शेजारी उगारलेला हात. ते त्याने नीट बघितलं. आणि तेच फोडलं. काच उडाली. दुसरा घाव डोळ्यावर आला, तिसरा माझ्या कुशीत.

पुढचं मी कानानेच सांगतो.

सकाळी लक्झरी बसने वल्लभ आला, भाविषाचा भाऊ, आणि त्याच्या मागून मोंघीबा. समजुबांनी समाजातल्या एका काकांना आधीच बोलावून बसवलं होतं.

"पाय घसरला तिचा न्हाणीत," समजुबा म्हणाल्या.

"असं होतं कधी कधी," काका म्हणाले. "घरातली गोष्ट आहे, घरात राहू द्या."

मोंघीबांचा आवाज अजिबात चढला नाही. "विहीणबाई, काल दुपारी मी बघितलं तेव्हा भुवई फुटलेली होती. दात शाबूत होता. आज दात नाही. एका दिवसात न्हाणीत किती वेळा पडली?"

निकुंज दारात आडवा झाला असावा, कारण वल्लभ म्हणाला, "भावोजी, बाजूला व्हा. मी वजनकाट्याच्या कारखान्यात काम करतो, हात जड आहेत माझे." पावलं बाजूला सरकली.

भाविषाने काही मागितलं नाही. माझ्या पाठीतलं कुलूप तेवढं उपसलं, ओढणीच्या टोकाला गाठ बसल्याची सरसर झाली, आणि ती भावाला म्हणाली, "ही पेटी उचल. माझी आहे."

आता मी सावरकुंडल्यात आहे. वल्लभने मला जुना टीव्ही पडदा म्हणून जोडलाय. कुलूप चालतं. भाविषा पंचिंग करते. भांडं पडलं तरी अजून ध्यानीवर वाकते, मग कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे पाहते, असं मोंघीबा वल्लभला सांगतात. केस कोर्टात आहे. समाजाची माणसं समजूत घालायला येतात. एकदा निकुंजही आला, ओट्यावर बसून रडला. आतून कडी निघाली नाही. इथे ती आत असलेल्यांनी लावली होती.

ऐच्छिक यादी अजून येते. बंदुकांचं नाव अजून शेवटी उभं असतं. भाविषा सगळी नावं अक्षर अक्षर वाचते आणि त्या चौकोनाला रिकामा ठेवते. मला नवा डोळा घेतलेला नाही. मोंघीबा आता शेजारीच बसतात, त्यांना माझी गरज नाही. ती टिकली वल्लभच्या चपलेला चिकटून इथवर आली होती. ध्यानीने ती माझ्या पोच्याच्या कडेला लावलीय.

माझी कुरकुर वाढलीय, पंखा दमलाय. बंद पडेन एक दिवस. त्याआधी एवढंच मागतो. तुमच्या लेकीचा फोन आला आणि ती मजेत म्हणाली, तर आवाजावर जाऊ नका. आवाज मी पोचवलाय, मला माहीत आहे तो कसा असतो. कॅमेरा बिघडलाय म्हणाली तर गाडी पकडा. आणि दिसत असली तर बाकी काही बोलायच्या आधी तिला म्हणा, दिव्याकडे तोंड कर.