आठव्या वाघाची पाठ

“ईरप्पाकाका, इथले पट्टे कुठं गेले?”

हेमावतीबाईंचं बोट कापडावरच्या पहिल्या वाघाच्या कमरेवर टेकलं होतं. तिथून मांडीपर्यंत वीतभर जागा कोरी होती, नुसती पिवळी. बोट दुसऱ्या वाघावर सरकलं, तिसऱ्यावर, आणि तसंच आठव्यापर्यंत गेलं. आठही वाघ मागून उघडे.

ईरप्पा चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता.

घाबरला की तो मनात कानडीत मोजायचा. ओंदु, एरडु, मूरु... आठ वाघ, आठ चुका. कालच शुक्रवार पेठेतल्या घरी त्यानं बायकोला, अक्कम्माला सांगितलं होतं, “ह्या कापडावर एक जरी चूक निघाली, तर कुंचले वाटून टाकीन.” डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवणं आता पुरे, असं अक्कम्मा रोज म्हणत होती. चौसष्टावं वर्ष. ह्या वाघांवर त्याला पारख करायची होती, डोळ्यांची आणि स्वतःची.

“दिसलं न्हाय, बाई,” तो म्हणाला. “दिसलंच न्हाय मला.”

सात रस्त्याजवळच्या त्या कॉलेजात दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं. वाघ वाचवायची सरकारी योजना मागल्या साली सुरू झाली होती, म्हणून प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या हेमावतीबाईंनी वाघाच्या आठही उपजाती एका कापडावर मागितल्या होत्या. वाघ एकच, पण मुलूख बदलला की अंग बदलतं, असं त्यांनी समजावलं, तेव्हा ईरप्पानं मान डोलावली होती. हे त्याला ठाऊक होतं. मोहरमला पीराला नवस बोललेली माणसं वाघ व्हायची, आणि चाळीस वर्षं त्यांची अंगं ईरप्पाच रंगवत आला होता. कुणाला लेकरू हवं असायचं, कुणाच्या लेकराचा ताप उतरायला हवा असायचा. मागणं ज्याचं त्याचं, रंग सगळ्यांना एकच. पण पट्टा प्रत्येक पाठीवर निराळा पडायचा.

म्हणून सायबेरियाचा वाघ त्याला तालमीतल्या पैलवानासारखा वाटला होता : रुंद पाठ, फिकट अंग, पट्टे लांब लांब. सुमात्राचा म्हणजे गिरणीतला काटकुळा कामगार, गडद आणि दाट पट्ट्यांचा. दक्षिण चीनचे पट्टे आखूड नि रुंद. कॅस्पियन समुद्राकडच्याला थंडीत पोटाखाली झालर. सगळं जमलं होतं. आणि आता हे.

तेवढ्यात शिपाई कोंडीबा चहा घेऊन आला. करकंबचा माणूस, पन्नाशीचा. कप ठेवता ठेवता त्यानं कापडाकडं बघितलं, मग कोऱ्या जागेकडं, मग ईरप्पाकडं, आणि खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून हसायला लागला.

“काय झालं रे?” बाई म्हणाल्या.

“बाई, ह्यो लंगोट हाय की.”

“काय?”

“लंगोट. थोरल्या पोराच्या नवसाला मी वाघ झालतो. ह्येच रंगवायचे. कमरंपातूर पट्टे, मग लंगोट, मग मांडीपासनं परत पट्टे. सायबेरियाच्या वाघाला बी लंगोट घातला जनू, अण्णा, तुमी. थंडी लई आसंल तितं.”

ईरप्पा कापडाजवळ गेला. कोऱ्या जागेची कड हातानं चाचपली. आठही वाघांवर तीच जागा होती, तेवढीच रुंद, सुतात धरल्यासारखी. डोळा चुकला असता तर एक इथं चुकला असता, एक तिथं. इथं डोळा नव्हताच. हातच चाळीस वर्षांच्या वळणानं कमरेपाशी थांबला होता.

“व्हय की,” तो हळूच म्हणाला.

हेमावतीबाईंना हसू आवरेना. “आणि काका, दिसत नाही म्हणता. बालीच्या वाघाच्या पट्ट्यांमधे ते बारीक ठिपके कुणी काढले? मला भिंग लावावं लागलं.”

 ईरप्पानं चहा बशीत ओतला आणि एका घोटात संपवला. मग कुंचला घेतला. कोंडीबा काळ्या रंगाची वाटी धरून बसला. एकेक लंगोट उतरत गेला, एकेक वाघ पुरा होत गेला.

“आता वाघ झाले,” कोंडीबा म्हणाला. “मगाशी समदी आमच्या आळीतली मानसं व्हती.”

नवसाचा वाघ ओणवा बसतो. शेवटचा पट्टा वाळला की रंगवणारा पाठीवर थाप मारून म्हणतो, ऊठ. त्याआधी वाघानं उठायचं नसतं. ईरप्पानं पहिल्या वाघाच्या पाठीवर फुंकर घातली, बोट लावून बघितलं आणि थाप मारली. “ऊठ.” दुसऱ्याला, “ऊठ.” सातव्यापर्यंत.

आठवा बालीचा. सगळ्यांत लहान. त्याचा शेवटचा पट्टा ओढताना त्यानं विचारलं, “बाई, ह्यो कुटं बघायला मिळंल?”

“कुठंच नाही, काका. पस्तीस-छत्तीस वर्षांत कुणाला दिसलेला नाही. संपला असं धरतात. कातडी आणि कवट्या तेवढ्या ठेवल्यात, त्यांवरूनच आपण हे काढलं.”

कोंडीबानं वाटी खाली ठेवली. बाई खिडकीकडं बघत होत्या. बाहेर सात रस्त्यावर टांग्याची घंटी वाजत गेली.

ईरप्पानं पट्टा वाळू दिला. घाई केली नाही. मग हात वर नेला, पण थाप मारली नाही. तळवा त्या एवढ्याशा पाठीवर नुसता ठेवला.

“तू बस,” तो म्हणाला. “दमला असशील.”

आणि कुंचले नीट धुऊन, फडक्यात गुंडाळून, घरी न्यायला काखेत घेतले.