चित्र नववे: मासा

सूचना: रुग्णाला एकेक चित्र दाखवावे. वीस सेकंदांत नाव सांगितल्यास एक गुण. नातेवाइकांनी मदत करू नये.

रुग्ण: धाकू परब, वय एकाहत्तर. आधी गिरणीत, मग औषधांच्या कारखान्यात. चार महिन्यांपूर्वी पक्षाघात. कळतं सगळं, शब्द ओठावर येत नाही.

स्थळ: बोरीवली पूर्व, तिसरा मजला.

चाचणी घेणारी: मी, रुचिरा. पीएच.डी.चं दुसरं वर्ष.

दहात चार आले तर काका विद्यापीठाच्या प्रकल्पात. सहा महिने रोज कुणीतरी घरी येऊन त्यांच्याकडून बोलणं करून घेणार. तीन आले तर नाही. जानकीकाकूंनी हे मला दारातच तीनदा विचारून घेतलं.

चित्र १. चावी.
"चा... चा..."
"चाय नाय हो, चावी!" काकू.
मदत झाली. शून्य. काकूंची रवानगी स्वयंपाकघरात.

चित्र २. छत्री. एक गुण.

चित्र ३. घड्याळ. एक.

चित्र ४. पियानो. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. शून्य.

चित्र ५. टेबल. शून्य.

चित्र ६. कुत्रा. काकांनी शिवी दिली. पूर्ण, खणखणीत. शब्द गेले तरी शिव्या बऱ्याचदा राहतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. त्यांना गुण मात्र नाहीत.

चित्र ७. केळं. एक. तीन झाले! स्वयंपाकघरातलं भांडी घासणं थांबलं.

चित्र ८. कात्री. शून्य.

चित्र ९. मासा.
काकांनी कार्ड हातात घेतलं. आडवं धरलं, उभं धरलं. कपाळाला आठी.
"बां... बांगडो?" स्वतःच मान हलवली. "नाय. सरंगो... नाय. इस... इसवण?" पुन्हा नाही. मग कार्ड माझ्यापुढे धरून:
"ह्यो... खयचो?" म्हणजे, हा कुठला मासा.
काकू हातात तारेची घासणी घेऊन दारात. "चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी विचारलानी!"
अपेक्षित उत्तर: मासा. गुण: शून्य.
हे लिहिताना पेन चालेना. मी पार्ल्याला माझ्या गाइड वसुधामॅडमना फोन लावला. स्पीकरवर.
"मासा म्हणाले का?"
"नाही, पण तीन माशांची नावं..."
"मग शून्य, रुचिरा. निकष सगळ्यांना सारखा."
"अहो बाई," काकूंनी फोन तोंडाशी ओढला, "हा मासा बाजारात मिळत नाय! शेपटी बांगड्याची, पोट सरंग्याचं, वर हसतोय! कोणी काढलानी?"
पलीकडून हळूच: "मी."
"मासे खाता?"
"आमच्याकडे... नाही."
"तरीच!"
मॅडम आधी खोकल्या, मग मोठ्यानं हसल्या. "रुचिरा, हे कार्ड मी कोकणातल्या किती माणसांना दाखवलंय गं? त्यांना सगळ्यांना शून्य दिलं आपण. पुन्हा बोलवू त्यांना. कार्डंही नवी करू, लोकांच्या घरातले फोटो काढून. आणि तिथे आत्ता खरा मासा असेल तर त्याचा फोटो दाखव. एकदाच. शेऱ्यात तसं लिही."
"मॅडम, पियानोसुद्धा..."
"पियानोसुद्धा काढून टाक गं बाई."

चित्र ९ (अ). फ्रिजमधल्या ताटलीचा फोटो, माझ्या मोबाइलवर. काकू स्वयंपाकघरात, दार लावून. मी बाहेरून कडी घातली.
"बांगडो."
दोन सेकंद. एक गुण. एकूण चार.
दारावर आतून थापा. मी कडी काढली. काकू पदरानं डोळे पुसत आल्या, पण काकांचं बोट अजून फोटोवरच होतं.
"शि... शिळो."
"काय?"
"डोळो बघ. लाल. तुका... फसवल्यान."
"शिळो खयचो! सकाळीच घेतलंय!"
"काल-चो!"

चित्र १०. दाखवता आलं नाही. रुग्ण भांडत होते.