बारदान वजा

मी वजनकाटा बोलतोय. गोदामातला, माणसाच्या उंचीचा, बिडाच्या अंगाचा आणि ताटाएवढ्या गोल तबकडीचा. नापास काटा. 'नापास' म्हटलं की वडीलधारी माणसं लगेच मान हलवतात, जणू यांना आधीपासूनच ठाऊक होतं. मान हलवायला काही लागत नाही. कसा नापास झालास, हे विचारायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे कधीच नसतो.

ओतशाळेतून निघालो तेव्हा मी वीस किलोला वीस किलोच म्हणत होतो. मग मला धक्क्यावरच्या तीन नंबरच्या गोदामात आणलं आणि एका मापाड्याच्या ताब्यात दिलं. जहाजातून पोती उतरायची, हमाल ती माझ्या पाटावर आपटायचे आणि मापाडी आकडा ओरडायचा. आता पोत्यात धान्य असतं आणि पोतं गोणपाटाचं असतं. गोणपाट कुणी खात नाही, म्हणून त्याचं वजन वजा करायचं. त्याला म्हणतात बारदान.

इथपर्यंत सगळं रास्त आहे. रिकामं पोतं भरायचं किलोभर. मापाडी त्यावर आणखी दोन किलो वजा करायचा. पण तोंडाने नाही, तोंडाने केलं की भांडण होतं. एकदा सगळे जेवायला गेलेले बघून त्याने माझ्या कुशीवरचा पत्रा उघडला, आतल्या तरफेला बोराएवढी शिशाची गोळी अडकवली आणि पत्रा लावून टाकला. काम चोख होतं. मी रिकामा असलो की काटा शून्यावरच थांबायचा, कारण त्याखाली जाऊ नये म्हणून तिथे खिळा आहे. पण पाटावर काहीही ठेवा, दोन किलो गायब. ते दोन-दोन किलो कुठे गेले ते तुमचं तुम्ही समजा. मापाड्याच्या घरी कुणी उपाशी झोपलं नाही, एवढं सांगतो.

मग वजन-मापांचा तपासनीस आला. त्याने वीस किलोची वजनं ठेवली, मी अठरा म्हटलं. मापाड्याने छातीवर हात ठेवला.

"बघा साहेब, हल्लीची यंत्रं! मुळातच खोटारडी. आमच्या वेळचे काटे असे नव्हते हो."

साहेबांनी माझ्या कपाळावर लाल फुली मारली. मला ताडपत्री घालून कोपऱ्यात ढकललं. शिशाची गोळी पोटात तशीच राहिली.

पुढे धक्काच बंद पडला. मालक, मुकादम, मापाडी सगळ्यांनी मिळून तो बुडवला आणि मग सगळे मिळून 'जमाना बदलला' म्हणायला लागले. पंधरा वर्षं इथे फक्त कबुतरं राहिली. मग एक विकास मंडळ आलं, त्याने भिंती धुतल्या, दिवे लावले आणि सगळ्याला 'वारसा' म्हणायला सुरुवात केली. ज्यांनी बुडवलं त्यांनाच सल्लागार नेमलं. आमचे मापाडी टोपी घालून पाहुण्यांना धक्का दाखवायला लागले.

तुम्ही खायला-प्यायला इकडे येणार असाल तर ऐकून ठेवा. दोरखंडाच्या गोदामात वाइन मिळते, बसायला दोराची रिळं आहेत, उठताना पाठ धरते. बॉयलरघरात कॉफी चांगली आहे, पण कपात काजळी पडते आणि त्याचे वेगळे घेतात. सुक्या गोदीत बीअर मिळते. तिथे पूर्वी जहाजं दुरुस्त व्हायची, आता नवरे बिघडतात. आणि तीन नंबरला 'बारदान' आहे. ते आमचं.

ते मापाड्याच्या नातीचं. हिने कॉलेज दुसऱ्याच वर्षी सोडलं. घरात सगळ्यांनी मान हलवून घेतली. ती जहाजांवरच्या भटारखान्यात काम करून परत आली आणि इथे चूल मांडली. नावाचीही गंमत आहे. लहानपणी ताटात वाढताना आजोबा म्हणायचे, "खा बाळ, हे सगळं बारदानाचं आहे." पोरीला ऐकू आलं, वरदानाचं. पुढे शब्द कळला, तरी तिला वाटायचं की आजोबांचा हा काहीतरी नम्रपणा असेल. म्हणून तिने खानावळीला तेच नाव दिलं, टेबलांवर गोणपाट अंथरलं आणि मला ताडपत्रीखालून ओढून दाराशी उभं केलं. शोभेला.

ती रांधते ते काय सांगू! कांद्याचं सूप, भट्टीतला पाव, लोण्यात भाजलेला मासा. मला नाक नाही, पण जेवणाऱ्यांचे चेहरे दिसतात ना.

पहिल्याच आठवड्यात एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक पोटभर जेवले आणि नातवंडांना हसवायला माझ्यावर चढले. घरून निघताना शहाऐंशी किलो होते. अर्धा किलो तरी आत गेलं असेल. मी म्हटलं, साडेचौऱ्याऐंशी.

"अगं, इथे जेवून दीड किलो उतरलं!" त्यांनी बायकोला हाक मारली. आयुष्यभर मुलांना कारण विचारणाऱ्या माणसाने स्वतः कारण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रांग लागली. तिसऱ्या दिवशी रांगेत भांडणं लागली. एक विमा एजंट तीनदा जेवला, साडेचार किलो उतरवायचे म्हणून. मी अर्धा किलो उतरल्याचं दाखवलं. तो चिडला. मुख्याध्यापकांनी त्याची समजूत घातली, "अति केलं की उलटतं." हे वाक्य तिथे फळ्यावर लिहिलं गेलं. बाकीच्यांनीही हातपाय मारले. बॉयलरघराने वाफेच्या दाबाचा जुना मापक टेबलावर ठेवला. त्याचा काटा गंजून अडकलेला होता, त्यामुळे कॉफी पिणाऱ्या प्रत्येकाचा रक्तदाब एकसारखा उत्तम. सुक्या गोदीतलं घड्याळ चार वाजून दहाला बंद पडलेलं होतं. तिथे पाटी लागली, 'इथे उशीर होत नाही.'

नात रोज टेबलापाशी जाऊन विचारायची, "सूप कसं झालंय?"

"दीड किलो!"

"मासा?"

"पावणेदोन! आमच्या मेहुण्याला फक्त सव्वाच मिळाला."

तिचा चेहरा उतरायचा. मला कळत होतं. माझ्या पोटातली ती गोळी जोवर निघत नाही, तोवर हिच्या हातची चव कुणी घेणार नव्हतं. आणि मला सांगता येत नव्हतं. काट्याला आकडा सांगता येतो, तक्रार सांगता येत नाही.

मग मंडळाला मापाड्याचा सत्कार सुचला. 'प्रामाणिक तोलाची चार दशकं'. दुपारी, माझ्याच शेजारी खुर्च्या मांडून. आजोबा बोलायला उभे राहिले. तरुण पिढीला कष्ट नकोत. सगळं अर्धवट सोडायची सवय. हे म्हणताना नातीकडे बघितलं, सगळ्यांनी बघितलं. टाळ्या. मग अध्यक्ष म्हणाले, "आजोबांचं वजन करूया, फोटो छान येईल."

"नको, नको."

"आजोबा, चढा ना," नात म्हणाली.

"गुडघा दुखतो गं."

"एकच पायरी आहे. सकाळी जिना चढून सूप मागायला आलात की."

"मी माझ्या काट्यावर कधी चढत नसतो."

"का?"

आजोबांनी टोपी काढली, परत घातली. नात आत गेली आणि पिठाची न फोडलेली दहा किलोची पिशवी घेऊन आली. रोज उचलते ती, हाताला ओळख असते. तिने ती पाटावर ठेवली. मी म्हटलं, आठ.

तिने भाजीच्या सुरीने माझ्या कुशीवरचे स्क्रू काढले, हात घातला आणि गोळी बाहेर काढली. इतक्या वर्षांनी मला नीट श्वास आला.

"हे काय आहे, आजोबा?"

"बारदान," ते पुटपुटले.

"माणसांना कुठलं बारदान?"

म्हातारा हुशार. गळा खाकरून म्हणाला, "प्रत्येकाला असतं, बाळ. नाव, कपडे, अहंकार. मी फक्त तेवढं वजा केलं."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! दोन बायकांनी डोळे पुसले. मुख्याध्यापकांनी वहीत उतरवून घेतलं.

ती मात्र हसली नाही. "म्हणजे मी या दोन किलोंवर वाढले?"

"आणि चांगली वाढलीस," आजोबा म्हणाले. पहिल्यांदाच खरं बोलले.

अध्यक्षांनी गोळी परत बसवायची विनंती केली, ती म्हणे वारशाची वस्तू. नातीने खिडकीतून ती पाण्यात भिरकावली.

"अगं, रांग जाईल!" आजोबा ओरडले.

"जाऊ दे. जेवायला कोण येतं ते तरी कळेल."

त्या संध्याकाळी मुख्याध्यापक जेवून माझ्यावर चढले. मी खरं ते सांगितलं. "स्वयंपाक बिघडला," म्हणून ते बॉयलरघराकडे गेले, रक्तदाब मोजायला. त्यांच्यामागे सगळे गेले. आठवडाभर टेबलांवर नुसतं गोणपाट. आजोबा दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मी सांगत होतो." त्यांनी काय सांगितलं होतं, ते कुणीच विचारलं नाही.

आठव्या दिवशी एक परिचारिका आली, पांढऱ्या कपड्यांत, कामावर जाण्याआधी. तिने सूप घेतलं, मासा घेतला, पावाने ताटली पुसून खाल्ली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नात लांब उभी राहून हात पुसत होती. विचारायचं धाडस होत नव्हतं.

"अहो," परिचारिकेने हाक मारली. "सुपात मीठ कमी आहे."

"काय म्हणालात?"

"मीठ. जरा कमी आहे. मासा झकास झालाय. राग आला का?"

"नाही, नाही! अजून काय? पाव कसा आहे? खरं सांगा. कडेला करपलाय का? लोणी जास्त झालं का?" आणि नात समोरची खुर्ची ओढून, कोपर टेबलावर टेकून बसली.

परिचारिका त्या दिवशी कामावर वीस मिनिटं उशिरा पोहोचली असणार.

आता दिवसाला दहा-बारा माणसं येतात. खानावळ टिकेल की नाही, मला माहीत नाही. मला फक्त वजन कळतं. तुम्ही आलात तर माझ्यावर चढू नका, चढलात तर रुसू नका. सरळ आत जा, जेवा. आणि मीठ कमी असेल तर सांगा तिला. मोठ्याने सांगा.