बळीरामचं वजन

विजयकुमारची नळी निळीच राहिली आणि बळीरामची विटकरी झाली. कंपाउंडरनं दोन्ही काचनळ्या स्पिरिटच्या दिव्यावर सारख्याच तापवल्या होत्या, दोन्हींत औषधही एकच होतं. लघवी तेवढी ज्याची त्याची.

"अदलाबदल तं नाही झाली ना साहेब?" बळीरामनं विचारलं. "हा माह्यापेक्षा बारा पौंडानं भारी हाय."

विजयकुमार पोट धरून हसला. दोघंही पोलाद कारखान्यात क्रेनवर शिकाऊ, दोघंही चोविशीचे, आणि दोघांच्याही पँटा वर्षभरात दोनदा उसवून सैल केलेल्या. पक्की नोकरी मिळण्याआधीची ही डॉक्टरी होती.

डॉक्टर नागपूरचे, शांत माणूस. "लघवीत साखर आहे," ते म्हणाले. "तिथं उंचावर चक्कर आली तर खालच्या माणसांचं काय? महिनाभर खाली काम करा. भात निम्म्यावर आणा, दहा पौंड तरी उतरवा, मग पुन्हा तपासू. साखर तशीच राहिली तर क्रेन विसरा."

बळीरामच्या डोक्यात काही शिरेना. चार वर्षांपूर्वी भिलाईच्या याच कारखान्यात मजूरभरतीच्या साहेबानं त्याला 'बहुत हल्का है' म्हणून काट्यावरून हाकललं होतं. मग माय भीमाबाईनं त्याला डझनभर केळी चारली, वर तांब्याभर पाणी पाजलं, तेव्हा कुठं दुसऱ्या दिवशी तो कसाबसा पास झाला. डॉक्टरीला जायचं ते भरल्या पोटानं, हे तिनं तेव्हापासून पक्कं धरलं होतं. आज सकाळीही दोन वाट्या शिरा तिनं त्याच्या गळी उतरवला होता. हलका म्हणून नापास, जड म्हणूनही नापास. मग माणसानं असावं तरी किती?

"सकाळी शिरा खाल्ला, त्याच्यानंच आलं असन," तो म्हणाला.

"मी तं पावभर जिलेबी हाणून आलो बे," विजयकुमार म्हणाला.

"एकट्या शिऱ्याचं हे काम नाही," डॉक्टर म्हणाले. "आठ तास बसून काम, पाळीपाळीनं झोपेचे हाल, पोटावर चरबी. घरात कुणाला होतं का हे?"

"ठाऊक नाही. पण मंग याले कावून नाही?"

"ते मलाही नीट सांगता येणार नाही. एखाद्याला लवकर गाठतं, एखाद्याला उशिरा, एखाद्याला नाहीच."

डॉक्टरलाच सांगता येत नाही म्हटल्यावर बळीराम पार गोंधळला. सायकल हाणत तो सेक्टर सहातल्या क्वार्टरवर आला, तर भीमाबाई दारातच उभी.

"झाला पास?"

"महिनाभर थांबवलं."

"कावून? वजन कमी भरलं का?"

"जास्त भरलं, माय."

भीमाबाई हसत सुटली. भंडाऱ्याकडच्या आपल्या गावी कण्यांच्या पेजेवर दिवस काढलेली बाई ती. लेकराचे भरलेले गाल बघूनच तिचं पोट भरायचं. वजन जास्त भरलं म्हणून कुणाचं काम अडतं, हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

"लघवीत साखर निघाली," बळीराम म्हणाला. "घरात कोणाले होती का, डॉक्टर विचारून राहिले होते."

तिचं हसू थांबलं.

"तुहा बाप जिथं लघवीले बसे, तिथं मुंग्या लागत," ती हळूच म्हणाली. "शेवटी शेवटी घागरभर पाणी पिये. पायाची जखम काई भरलीच नाही. पण तो तं काडीसारखा होता रे. दोन टाइम खायाले तरी कुठं होतं आमाले? मंग हे खाऊन होते का न खाऊन?"

 बळीरामला मायचा राग आला आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली. तिनं चारलं नसतं तर तो कारखान्याच्या आतच गेला नसता.

"भात अर्धा कर म्हणे," तो म्हणाला. "नाही तं क्रेन गेली."

ताट वाढलेलंच होतं, शिगोशीग. गावी असताना भीमाबाईनं आपल्या वाट्याचं त्याच्या ताटात किती वेळा सारलं होतं; त्याच्या ताटातलं काढायची वेळ मात्र तिच्यावर कधी आली नव्हती. तिनं हात घातला आणि मूठभर भात उचलला.

"एवढा?"

"आणखी थोडा, माय."

तिनं आणखी उचलला. बळीराम मान खाली घालून जेवू लागला. भीमाबाई तो भात ओंजळीत धरून तशीच बसून राहिली. तो ठेवावा कुठं, हेच तिला कळेना.