अठरावा संदर्भ

अठराव्या नोंदीशी आल्यावर कुमुदताईंच्या हातातली लाल पेन्सिल थांबली. ‘खांबेटे एस. बी.’ त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. नाव तिथेच होतं. पुढे नियतकालिकाचं नाव, १९८४ साल, खंड, पानं. सगळं बरोबर होतं, फक्त सालानंतर अर्धविराम हवा तिथे स्वल्पविराम पडला होता. तो त्यांनी सवयीने दुरुस्त केला आणि मगच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दिल्लीतल्या एका शेतकी संशोधनपत्रिकेच्या कचेरीत त्या काम करत. देशभरातून शास्त्रज्ञांचे लेख येत, आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी आधीच्या संशोधनाची यादी असे. कोणाचं म्हणणं कुठे, कधी छापलं आहे, त्याची. ती यादी पत्रिकेच्या शिस्तीत बसवणं हे कुमुदताईंचं काम. आडनाव आधी, आद्याक्षरं मागून, पानं अखेरीस. शास्त्रज्ञ मंडळी प्रयोगात केसाचा फरक खपवून घेत नाहीत, पण यादी मात्र घाईत बांधलेल्या बोचक्यासारखी पाठवतात. ती बोचकी सोडून घड्या घालण्यात त्यांची नोकरी गेली होती. टेबलावर कंप्युटर आला तरी पहिला हात त्या छापील प्रतीवर पेन्सिलीनेच फिरवत.

खांबेटे एस. बी. म्हणजे श्रीरंग, त्यांचे यजमान. धान्यसाठवणीच्या खात्यात ते तांत्रिक सहायक होते आणि आयुष्यात त्यांनी एकच निबंध लिहिला. कडुनिंबाचा पाला घातला की गव्हाला कीड लागत नाही, असं सगळेच म्हणतात. श्रीरंगरावांनी काही कोठ्या पाला घालून भरल्या, काही बिनपाल्याच्या, दाणे तपासत बसले, आणि शेवटी लिहिलं की पाल्याने फरक पडत नाही; गहू कडक वाळला असेल तर टिकतो, ओलसर राहिला असेल तर किडतो. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये भाड्याच्या टाइपरायटरवर तो निबंध कुमुदताईंनीच टाइप केला. छापून आला तेव्हा खात्यातले लोक हसले. काहीच सापडलं नाही, हे छापायचं कशाला, म्हणाले. पुढे श्रीरंगराव जातील त्या ग्रंथालयात नव्या लेखांच्या याद्या चाळत.

“आलं का आपलं नाव कुठे?” कुमुदताई संध्याकाळी विचारत.

“येईल. घाई काय आहे?” ते म्हणत. ते गेले तोवर आलं नव्हतं.

घरात तर या संशोधनाला कवडीची किंमत नव्हती. एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरताना नवऱ्याची पाठ वळली की कुमुदताई कोठीत कडुनिंबाच्या डहाळ्या दडपत. आई घालायची, सासूबाई घालायच्या, म्हणून. ते गेल्यावर लपवायचंही कारण उरलं नाही.

त्यांनी लगेच गुडगावला मुलीला फोन लावला.

“आई, सच्ची?” मीनाक्षी म्हणाली. “बाबांचा पेपर कोणीतरी साइट केला?”

“अठरा नंबरला आहे.”

“यार, बाबा आज हवे होते. मी संडेला येते, ओके? आणि ते पान छापून आलं ना, की मी फ्रेम करणार. बिल्कुल.”

खरं तर कुमुदताईंचा संबंध शेवटच्या यादीपुरता. लेखात काय म्हटलंय ते बघायला विद्वान परीक्षक असतात. पण त्या दिवशी चहा झाल्यावर त्यांनी पानं मागे उलटली. अठरा हा आकडा कुठल्या वाक्याला लागलाय, ते त्यांना डोळे भरून बघायचं होतं. वाक्य सापडलं. कडुनिंबाच्या पाल्याने साठवणीतल्या गव्हाचं किडीपासून रक्षण होतं हे पूर्वीच सिद्ध झालं आहे, असं ते वाक्य होतं, आणि त्याच्या शेपटीला सतरा आणि अठरा.

संपादक डॉ. मेहरोत्रा भले गृहस्थ, श्रीरंगरावांना ओळखत. कुमुदताई कागद घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

“सर, यह उल्टा लिखा है. उन्होंने तो यह कहा ही नहीं था.”

मेहरोत्रांनी वाक्य वाचलं, नाव वाचलं आणि आवाज खाली आणला. “खांबेटे मॅडम, रेफरी पास कर चुके हैं. आप कॉमा-फुलस्टॉप देख लीजिए, बस. इतना तो भाईसाहब का हक बनता है.”

कुमुदताईंना मनातून तेच ऐकायचं होतं. घरी जाताना बसमध्ये त्यांनी स्वतःची समजूतही घातली. कोण उघडून बघणार आहे? नाव छापलं जाईल, लेक फ्रेम करील. पण या लेखावरून उद्या दुसरा कोणी लिहील, त्याच्यावरून तिसरा. नोंदी अशाच एका यादीतून दुसरीत उतरत जातात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ज्या गोष्टीला हा माणूस जन्मभर नाही म्हणत आला, तीच त्याच्या नावावर चिकटून बसेल. त्यांना नवऱ्याचा राग आला. दुसऱ्या कुठल्या विषयावर लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? बस सफदरजंगपाशी अडकली होती आणि कंडक्टर सगळ्यांना पुढे सरकायला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखकाला, करनालच्या डॉ. तोमरांना, फोन केला.

“डॉक्टर साहब, अठारह नंबर आपने पढ़ा है?”

“टाइटल देखा था, मॅडम. नीम, गेहूँ, स्टोरेज. सर्च में आया था.”

“उसमें लिखा है कि फर्क नहीं पड़ता. आप चाहें तो वैसा लिख दीजिए, कि खांबेटे का नतीजा अलग था. नाम भी रहेगा, बात भी सही रहेगी.” नातं त्यांनी सांगितलं नाही.

“फिर तो पेपर का पूरा डिस्कशन बदलना पड़ेगा. आप एटीन निकाल ही दीजिए. सत्रह काफी है उसके लिए.”

“अच्छा,” कुमुदताई म्हणाल्या.

खोडायला एक रेघ पुरली. वेळ लागला तो पुढच्या आकड्यांना. एकोणीसचा अठरा झाला, विसाचा एकोणीस, आणि लेखात जिथे जिथे ते आकडे होते तिथेही. संध्याकाळपर्यंत यादी पुन्हा सलग झाली. मध्ये कोणी होतं हे कोणाला कळलंही नसतं. मेहरोत्रांनी ती पाहिली. आपल्या चहाबरोबर कुमुदताईंचाही चहा मागवला.

रविवारी मीनाक्षी आली तेव्हा कुमुदताई गच्चीवर नवा गहू उन्हात घालत होत्या. मुलीने रिकामी फ्रेम आणली होती, आणि दरवर्षीप्रमाणे खालच्या कडुनिंबाच्या डहाळ्याही.

“काढलं? आई, तू स्वतः काढलंस?”

“चुकीच्या वाक्याला लावलं होतं गं.”

“सो व्हॉट? नाव तर आलं असतं.”

कुमुदताई गव्हातून हात फिरवत राहिल्या. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. मीनाक्षीने फ्रेम कठड्याला टेकवली आणि त्यांच्याशेजारी बसली.

“मग बाबांनी लिहिलं काय होतं? म्हणजे, निघालं काय होतं एक्झॅक्टली?”

हे इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. कुमुदताईंनीही नाही, टाइप करताना त्यांचं लक्ष अक्षरांकडे असे, आणि नंतर कोठीत डहाळ्या सापडल्यावर भांडताना जिंकण्याकडे. त्यांनी सांगायला सुरुवात केली. पाल्याच्या कोठ्या, बिनपाल्याच्या कोठ्या, दिव्याखाली धरून पाहिलेले दाणे, आणि शेवटी सगळं कसं उन्हावर येऊन थांबलं.

“मग हे?” तिने डहाळ्या उचलून विचारलं.

कुमुदताईंनी एक दाणा दाताखाली धरला. तो कट्कन तुटला नाही, जरासा दबला.

“ते राहू दे,” त्या म्हणाल्या. “अजून एक ऊन लागेल.” आणि त्या गहू पुन्हा पातळ पसरायला लागल्या.