हलला की बिघडतो

"हलू नका म्हटलं की तुम्ही हमखास हलता, बाबा," असं म्हणत मुलीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला. कुंडीच्या कडेवरून चाललेल्या मुंगीचा नुसता तपकिरी धूर झाला होता.

"मुंगीच हलली," तो म्हणाला.

एकतीस वर्षं तो वीजमीटर वाचत हिंडला होता. जिने चढायचे, काचेआडचे आकडे टिपायचे, पुढचं दार. पायाला भिंगरी लागलेला माणूस. निवृत्तीनंतर ती भिंगरी घरात फिरू लागली आणि सात महिन्यांपूर्वी बायको गेल्यावर तिला काही धरबंधच उरला नाही. न गळणारे नळ तो पिळून बघायचा. दूध, साबण, काडेपेटी, प्रत्येक वस्तूसाठी दुकानात वेगळी फेरी. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने मुलीला फोन केला, की दिवसभर डोक्यावर कुणीतरी चालत असतं. म्हणून त्याला एका जागी बसवायला मुलगी आपला कॉलेजातला कॅमेरा घेऊन आली होती.

तिने लेन्स काढून उलटी बसवून दिली. उलट्या लेन्समधून बारीक वस्तू मोठी दिसते, पण फार जवळ जावं लागतं आणि केसभर पट्टाच काय तो स्पष्ट येतो. तेव्हा लेन्सची कडी फिरवत बसायचं नाही, आपणच तसूतसूने पुढेमागे व्हायचं, श्वास धरायचा आणि मग बटण दाबायचं. त्याने मान डोलावली. पहिल्या आठवड्यात त्याने मीठ, शिवणाची सुई, कांद्याचं साल असं दिसेल त्याचे दोनशेच्या वर फोटो काढले. झाडून सगळे हललेले. मीठ तर जागचं हलत नाही, तेव्हा दोष कुणाचा हे त्याला कळून चुकलं आणि कॅमेरा कपाटात गेला.

मग एका सकाळी झाडू घेऊन तो न्हाणीघरात जाळी काढायला गेला. खिडकीच्या कोपऱ्यात लांब काटकुळ्या पायांची कोळीण उलटी लटकली होती. तोंडात काहीतरी धरलं होतं. काय ते डोळ्यांना दिसेना, म्हणून त्याने झाडू टेकवून ठेवला आणि कॅमेरा आणला. पण तो जवळ गेला की ती जाळ्यासकट गरगर हलू लागे, इतकी, की दिसेनाशीच होई. तो मागे सरला की थांबे. तासभर हा खेळ चालला. शेवटी त्याने स्टूल आणलं, कोपर खिडकीवर रोवलं आणि बसून राहिला. ती थांबली. त्याने श्वास धरला.

तोंडात अंडी होती. वीस-बावीस, बारीक जाळीत मोळीसारखी बांधलेली. प्रत्येक गोळी वेगळी दिसत होती.

मुलीने फोनवर सांगितलं, की ही जात अंडी फुटेपर्यंत ती तोंडातच धरते, तोवर तिला काही खाता येत नाही. त्यानंतर तो रोज सकाळी तिथे बसू लागला. गुडघ्यांना मुंग्या येत, उठावंसं वाटे, दोनदा तो उठलाही. पण फेऱ्या मारून पुन्हा स्टुलावर येई. अंड्यांतून आधी काळे ठिपके दिसू लागले, मग दुमडलेले पाय.

तिसऱ्या रविवारी मुलगी आली तेव्हा पिल्लं बाहेर पडत होती. ती दारातच उभी राहिली.

मग कॅमेऱ्यावरून नजर न काढता तो म्हणाला, "तुझी आई गेली तेव्हा मला असं बसता आलं असतं तर. ती बर्फ हवा म्हणाली आणि मी धावत सुटलो. बर्फ काय, नंतरही आणता आला असता."

मुलगी आत आली आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसली.

"तिला बर्फ नको होता, बाबा."

"मागितला तिने. मी ऐकलं ना."

"तुम्हाला बाहेर धाडायला मागितला. तुम्ही गेल्यावर मला म्हणाली, त्यांना बघवणार नाही, येऊन जाऊन माझे पाय चेपतील नि घाबरतील. मला शपथ घातली होती, म्हणून बोलले नाही."

त्याच्या हातातला कॅमेरा हलला. कोळीण गरगरली, पुन्हा शांत झाली.

"आणखी काही म्हणाली?"

"म्हणाली, जिन्यात पळत असतील. सावकाश या म्हणावं."

त्याने कोपर पुन्हा खिडकीवर रोवलं. एक पिल्लू अंड्याच्या सालात पाय अडकून धडपडत होतं. तो तसूभर पुढे झाला, थोडा मागे आला.

दाराची बेल वाजली. सवयीने त्याची टाच उचलली गेली. मग त्याने ती खाली टेकवली.

"दार तू बघतेस का?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी बसलोय."