खांडीवरचा दर

रोह्याच्या स्टँडवर इझिकेल पेणच्या एसटीची वाट बघत होता, तेवढ्यात हैबतराव ठेकेदारांची जीप पुढ्यात येऊन थांबली.

"बसा साहेब. सुनावणी तुमचीपन आन् माझीपन."

नको म्हणेपर्यंत मागचा आडदांड गडी उतरून त्याच्या पाठीशी उभा राहिला होता. इझिकेल बसला.

तो खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधांचा ओव्हरसिअर. पेणजवळ बांधाला खांड पडली होती. ती बुजवायचं टेंडर एकट्या हैबतरावांनी भरलं, तेही सरकारी अंदाजाच्या दुपटीनं. 'दर वाजवी नाही' असा शेरा इझिकेलने मारला आणि वरून टेंडर रद्द झालं. हैबतरावांनी तक्रार ठोकली; तिचीच आज पेणला सुनावणी होती. निकाल लागेपर्यंत नवं टेंडर निघणार नव्हतं.

"तुमच्या मंडळी, लीयाबाई, काल वरशाच्या बाजारात दिसल्या," हैबतराव म्हणाले. "एकट्याच होत्या. तुमचे ज्यू भाऊबंद सगळे इस्रायलला गेले. अडीनडीला कोन हाय आता?"

इझिकेल बाहेर रस्त्याकडे बघू लागला.

वडखळच्या अलीकडे जीप खाडीकडे वळली.

"पेण सरळ आहे," तो कसाबसा म्हणाला. जीप तशीच पुढे गेली.

त्याला थेट खांडीच्या तोंडाशी उतरवलं. भरतीचं पाणी भोवरे घेत आत घुसत होतं. त्याला पोहता येत नव्हतं आणि पाठीवर हैबतरावांचा हात होता.

बांधावरच थोडं पुढे गावकरी टोपल्यांनी चिखल टाकत होते.

"ह्यांनीच तुमचं काम रद्द केलं!" हैबतराव ओरडले. "दर वाजवी व्हता एवढं आज सुनावणीत सांगू देत, परवा खांडीत दगड पडंल."

त्यांच्यातली चिखलाने माखलेली हौसा पुढे आली. "खरं काय ओ साहेब? उधान तोंडावर हाय. खारं पानी घुसलं तं वर्सानुवर्सं भात व्हायचा नाय."

नुसतं हो म्हटलं की सुटका होती.

"दर दुप्पट होता, मावशी," त्याचा आवाज चिरकला. "आज हो म्हटलं, तर पुढच्या प्रत्येक खांडीला हाच दर लागेल."

"मंग तुमच्या वाजवीनं पानी थांबंल?" हौसा म्हणाली. मग हैबतरावांकडे वळली. "सोडा त्याला. आमच्या बांधावर कुनाला हात लावायचा नाय."

टोपल्या खाली ठेवून सगळेच तिच्यामागे येऊन उभे राहिले. पाठीवरचा हात निघाला.

इझिकेल चालत रस्त्याला लागला. सुनावणीत त्याने तेच सांगितलं. टेंडर रद्दच राहिलं, नवं वाजवी दरात निघालं. पण दगड यायच्या आधी उधाण आलं.

लीयाला कुणी त्रास दिला नाही, तरी कितीतरी महिने तो तिला एकटीला बाजारात पाठवेना. पावसानंतर तो कामाची मापं घ्यायला गेला, तेव्हा भाताची खाचरं मिठाने पांढरी पडली होती. हौसा बांधावर उभी होती. तिला हाक मारायचं धाडस त्याला झालं नाही.